न झिजणाऱ्या चपला

बायकोच्या पाटल्या विकून रुपरावांनी जुन्या टायरांच्या चपलांचा कारखाना काढला, तेव्हापासून यमुताई नवऱ्याशी बोलत नव्हत्या. ताट मात्र समोर आदळत. कारखाना म्हणजे कळमन्याच्या धान्यबाजाराजवळची टिनाची शेड. भागीदार चंद्रभान, पूर्वीचा ट्रकड्रायव्हर. तो टायर कापायचा, रुपराव खिळे ठोकायचे.

चपला दणकट झाल्या. बाजारातल्या झाडून साऱ्या हमालांनी घेतल्या आणि पुन्हा कोणी फिरकलेच नाही.

"काहून गा देवराव, नवा जोड नाही घेत?" रुपरावांनी एका हमालाला विचारले.

"घेऊन करू काय? हा झिजतच नाही!"

चंद्रभानने उपाय काढला. "तळ पातळ करू. झिजला पाहिजे लवकर."

तळ पातळ झाला, खिळे मात्र तेवढेच लांब राहिले. ज्याने पाय घातला तो ओरडून उठला. मग लोकांचा विश्वास बसावा म्हणून चंद्रभान स्वतःच एक जोड घालून बाजारभर फिरला. त्याच्या टाचेतून रक्त येऊ लागले.

"दवाखान्यात चाल," रुपराव म्हणाले.

"लोकं पाहून राहिले ना! लंगडलो तं धंदा बसन."

तो लंगडला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा जबडा आवळला आणि धनुर्वाताने तो गेला.

तेरवीनंतर रुपराव शेडला कायमचे कुलूप घालायला आले, तर दारात चंद्रभानची बायको, सिंधूताई.

"आमच्या ह्यायचा अर्धा धंदा आहे न इथं? दाखवा."

तिने एका चपलेत पाय घातला. पाय आत हरवलाच.

"बायांच्या मापाची एकबी नाही?"

"बायांच्या?" रुपराव गोंधळले.

तिने बाहेर बोट दाखवले. सांडलेले धान्य झाडणाऱ्या बाया तापल्या फरशीवर अनवाणी चालत होत्या. दोन्ही भागीदार त्यांना रोज पाहत आले होते.

"त्याहीले पाय नाही का, भाऊजी?"

सिंधूताईने टायरच्या एका सपाट तुकड्यावर पाऊल ठेवले. "आखा. तळ जाड ठेवा, अन् खिळे मी तपासीन."

रुपराव खडू घेऊन खाली बसले. तिच्या टाचेपाशी हात पोचला आणि थांबला. मान वर होईना, डोळ्यांतले पाणी टायरवर पडू लागले.



"माप घ्या, भाऊजी," सिंधूताई म्हणाली, "पाया काहून पडून राहिले?"