बारीक होण्यासाठी दोन वाडगे सोतो

वजन उतरत नसेल तर जास्त जेवायला लागा, असं तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का? मला सांगितलं. सांगणारी फी घेऊन सांगत होती, म्हणून मी विश्वास ठेवला. फुकटचा सल्ला मी सहसा ऐकत नाही.

पण आधी शिंपिणीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. माझ्या किनांतीचं लग्न ठरलं आणि तिच्या आईसाठी, म्हणजे माझ्यासाठी, जाळीच्या कापडाचा केबाया शिवायचा होता. केबाया म्हणजे आमच्याकडचा लांब बाह्यांचा अंगरखा; तो अंगासरशी बसावा लागतो. तो काही लपवत नाही. शिंपीणबाई बू दर्सिनी टेप घेऊन आली, तेव्हा मी पोट आत ओढून म्हटलं, "बू, आत्ताचं माप नका घेऊ. लग्नापर्यंत मी जेवढी होणार आहे, तेवढं घ्या." (आमच्या सालातिगा गावात आम्ही बायका एकमेकींना 'बू' म्हणतो, म्हणजे आई. त्यामुळे आमच्या गल्लीत भांडणंसुद्धा आयांचीच होतात.)

"किती होणार आहात?" दर्सिनीने विचारलं.

मी दोन्ही हातांनी हवेत एक बाई काढून दाखवली. ती बाई मी लग्नाआधी होते. तेव्हासुद्धा थोडेच दिवस.

दर्सिनीने माप लिहून घेतलं आणि मी मोबाईलवरच्या एका वजन उतरवण्याच्या ग्रुपमध्ये नाव घातलं. ग्रुप चालवणारी वानिया सेमारांगची, माझ्या मुलीएवढी, सतत हसणारी. तिने सांगितलं तसं मी केलं. उजाडायच्या आधी दोन उकडलेली अंडी आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला उकडलेला पाला. मधे नुसतं पाणी. पहिले काही आठवडे वजन भराभर उतरलं. मग अडसष्टवर येऊन जे थांबलं ते हलेचना. मी एक अंडं कमी केलं, तरी अडसष्ट. पाला अर्धा केला, तरी अडसष्ट.

"काटा बिघडला असेल," हे म्हणाले. यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान घरापुढेच आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू बिघडली असं यांना चटकन वाटतं. ते स्वतः काट्यावर उभे राहिले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नाही गं. काटा चांगलाय."

शेवटी वानियाला फोन लावला.

"बू विगाती, तुमचं शरीर घाबरलंय," ती म्हणाली. "त्याला वाटतंय दुष्काळ पडलाय. म्हणून ते सगळं धरून बसलंय. आता दोन आठवडे पोटभर खायचं. दुपारी भात, रस्सा, तळलेलं एखादं, सगळं. प्रत्येक ताटाचा फोटो मला पाठवायचा. फक्त सहानंतर तोंड बंद."

मी फोन ठेवला आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं शरीर माझं होतं, पण ते घाबरलंय असं कुणी मला सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग खायचं की! अडचण काय?

अडचण ही की सगळी गल्ली समजत होती, माझा उपास चाललाय.

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलं की आई तिच्यासाठी उपास धरते. उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आईचं पोट रिकामं राहिलं तर मुलीचं घर भरलेलं राहतं, असं जुन्या बायका म्हणतात. बहुतेक आया सोमवार-गुरुवार करतात. माझं झालं असं की, वानियाचा आहार सुरू केला त्याच आठवड्यात बू सुतार्मींच्या घरी भिशी होती, मंगळवारी. केळ्याची भजी फिरली आणि मी नको म्हटलं.

"का हो? आज तर मंगळवार," बू सुतार्मी म्हणाल्या.

"मी सध्या दिवसा काहीच घेत नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली. "किनांतीसाठी?"

आता लग्न किनांतीचंच होतं. केबाया तिच्याच लग्नातला होता. मी 'हो' म्हटलं. (यात खोटं कुठे आहे, ते मी अजून शोधतेय.)

"रोज?"

"लग्नापर्यंत."

बातमी संध्याकाळच्या आत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत येताना मोठी होऊन आली. चौकातल्या भाजीवालीने मला विचारलं, "बू, तुम्ही झोपतसुद्धा नाही म्हणे?"

गल्लीचं मी सांभाळून घेतलं असतं. पण सासूबाईंना कळलं.

सासूबाई आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहतात. वय ऐंशी, वजन अडतीस किलो, तेही केस ओले असताना. पण चिवट आहेत. कमरेत इतक्या वाकल्यात की त्यांना जग गुडघ्याखालचंच दिसतं. माणसं त्या चपलांवरून ओळखतात आणि चुकत नाहीत. चोवीस वर्षांत त्या मला वाकडा शब्द बोलल्या नाहीत. सरळही फार बोलल्या नाहीत. मला त्या 'किनांतीची आई' म्हणायच्या. 'पोरी' अशी हाक माझ्या धाकट्या जावेला. ती बँकेत आहे.

त्या मंगळवारी सूर्य बुडाला आणि सासूबाई माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आल्या. दोन्ही हातांनी पेला धरून, हळूहळू, मागच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत.

"घे, पोरी," म्हणाल्या. "सावकाश पी. पोट रिकामंय."

चहात तीन चमचे साखर होती. वानियाने साखर बंद केली होती. मी सगळा प्यायले. मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

तेव्हापासून घराचे नियम बदलले. माझ्यासमोर कुणी खायचं नाही, हा सासूबाईंचा हुकूम. हे बिचारे दुपारचं जेवण मागच्या अंगणात कोंबड्यांबरोबर घेऊ लागले. ज्या बाईचं सगळं घर असं जपतंय, तिने आता भरदुपारी भात, रस्सा आणि तळलेलं कुठे बसून खायचं?

पहिल्या दिवशी कपाटात तोंड घालून खाल्लं. (फोटोत भातामागे यांचे पायजमे आले. वानियाने विचारलं, "बू, हे कुठलं हॉटेल?") दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी कपाट शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी हे दुकानातल्या पान्यांच्या पेटीतून माझ्यासाठी तळलेली कोंबडी घेऊन आले. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"तळलेल्याचा वास येतोय."

"माझ्या हातांना येतोय, आई. ग्रीस आहे," हे म्हणाले.

"ग्रीसला लसणाचा वास कधीपासून?"

हे पेटीसकट कोंबड्यांकडे निघून गेले. मला एक टांगडी मिळायला हवी होती. ती मिळाली नाही.

मग मी सोतोवालीकडे जायला लागले. बाजाराच्या पलीकडे, आमच्या गल्लीतलं कुणी जात नाही अशा रस्त्यावर तिची टपरी आहे. हळदीचा गरम रस्सा, कोंबडीचे धागे, खाली भात, वर तळलेला लसूण. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे तिथे रस्त्याच्या बाजूला कापडी पडदा लावलेला असतो. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नाही. मी बाजाराची पिशवी घेऊन निघायचे, पडद्याआड बसायचे, फोटो काढायचे, जेवायचे आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी यायचे. घरात इतकी कोथिंबीर झाली की हे म्हणाले, "आता शेळी आणूया का?"

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण एका सकाळी काट्यावर उभी राहिले तर साडेसदुसष्ट! मी उतरले, पुन्हा चढले. साडेसदुसष्ट. शरीराची भीती गेली होती. त्या आनंदात मी दुपारी सोतोवालीकडे गेले आणि एक वाडगा संपवून दुसरा मागवला. बरोबर टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, तळलेल्या चकत्या, एक उकडलेलं अंडं. मोबाईल उंच धरून मी फोटो काढत होते, तेवढ्यात पडद्याबाहेर एक सायकलरिक्षा थांबली.

"थांब रे," असा ओळखीचा आवाज आला. "त्या चपला माझ्या सुनेच्या आहेत."

पडदा गुडघ्यापर्यंतच होता. इतके दिवस माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. ज्या एकाच बाईपासून मी लपत होते, तिला दिसेल तेवढाच भाग मी बाहेर ठेवला होता.

पडदा बाजूला झाला. सासूबाई वाकून आत आल्या (म्हणजे वाकलेल्याच होत्या) आणि माझ्यासमोर बाकावर बसल्या. बसल्यावर त्यांचे डोळे बरोबर वाडग्यांच्या उंचीला आले. त्यांनी पहिला वाडगा पाहिला. दुसरा पाहिला. अंडं पाहिलं.

"चक्कर आली का?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

मी मान हलवणार होते. खरंच हलवणार होते. पण सोतोवाली मधेच म्हणाली, "छे हो आजी, चक्कर कसली! रोज येतात. तब्येत एकदम ठणठणीत. आज तर दुसरा वाडगा घेतलाय."

घरी येताना आम्ही दोघी एकाच रिक्षात होतो. माझ्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी होती. घराशी उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुला झेपलं नाही. असू दे. उरलेले उपास किनांतीसाठी मी धरते. उद्यापासून."

यांनी हातातली चेन खाली टाकली. "आई! या वयात?"

"तू पोटात असताना मी सगळ्या गल्लीचा भात शिजवलाय. मला नको शिकवू."

अडतीस किलोची बाई साडेसदुसष्ट किलोच्या बाईच्या वाटचा उपास करणार! मला राहवलं नाही. तिथेच, दुकानातल्या ट्यूबांच्या ढिगापाशी, मी सगळं सांगून टाकलं. की तो उपास नव्हता. की मी बारीक होत होते. की भजी नको म्हटली ती तेलासाठी, पुण्यासाठी नाही.

"बारीक?" सासूबाई दुकानातल्या स्टुलावर टेकत म्हणाल्या. "कशाला?"

"केबायात मावायला."

"त्यासाठी एवढं?" त्यांनी सुस्कारा सोडला. "दर्सिनी त्याच दिवशी माझ्याकडे आली होती. म्हणाली, तुमच्या सुनेने शाळकरी मुलीचं माप दिलंय, काय करू? मी म्हटलं, शिवणीत चांगलं चार बोटं कापड राख. तुझी पावलं मी चोवीस वर्षं ऐकतेय. मला माप माहितेय."

हे हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते पंक्चर शोधायला लागले.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खाली, माझ्या चपलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आपल्या किनांतीसाठी कुणी उपास केलाच नाही?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. दोन महिने गल्ली माझ्याकडे आदराने बघत होती, सासूबाई माझ्यासाठी चहा आणत होत्या, आणि माझ्या लेकीच्या नावाने एक दिवससुद्धा पोट रिकामं राहिलं नव्हतं. होतं ते सगळं दर्सिनीच्या टेपच्या नावाने. मला एकदम रडू आलं.

"मी धरते, आई," मी म्हटलं. "खरा धरते. उद्यापासून. तुम्ही नाही, मी."

"नक्की?"

"नक्की."

"पाणीसुद्धा नाही हं."

"पाणीसुद्धा नाही."

त्यांनी माझा हात धरून उठायचा प्रयत्न केला, मी त्यांना उठवलं. "गल्लीला काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "गल्लीच्या समजुतीने तुझं चाललंच आहे. मधला थोडा सोतो आपल्या घरातला. जा, पोरी, लवकर झोप. उजाडायच्या आत उठायचंय."

मी वानियाला कळवून टाकलं की माझं शरीर आता अजिबात घाबरत नाही, पण मला जमणार नाही. तिने एक रडका चेहरा पाठवला आणि पुढच्या महिन्याच्या फीची आठवण केली.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत उठले, भात आणि पाणी घेतलं, किनांतीचं नाव घेऊन उपास धरला आणि यांच्या न्याहारीसाठी टेंपे तळायला बसले. साडेसातला मी विसरून एक चकती तोंडात टाकली. विसरून खाल्लं तर उपास मोडत नाही, असं आमच्यात आहे, आणि समोर बसलेल्या सासूबाईंनी तसं लगेच सांगितलंही. दुसरी चकती मात्र मी आठवणीने खाल्ली, आणि सासूबाईंनी दिवसातला पहिला, अजून ओठांना न लावलेला चहा बाजूला सारून माझ्याऐवजी उपास धरला.