गुलशन बँडचे घुगे

आमचे शेजारी रंगनाथ घुगे बँडच्या पुढं उलटे चालायचे. तोंड बँडकडं, पाठ रस्त्याकडं. वरात असो, उरूस असो, नाहीतर गणपतीची मिरवणूक असो. क्लॅरिनेटवाल्याच्या पुढं दोन हात अंतर ठेवून घुगे एकेक पाऊल मागं टाकत निघालेले असायचे. चिंचवड स्टेशनपासून थेट गावापर्यंत मी त्यांना असं जाताना पाहिलंय. एकदाच ते टांग्याच्या घोड्याला धडकले. तेव्हाही मान न वळवता "माफ करा राव" एवढं घोड्याला म्हणाले आणि पुन्हा क्लॅरिनेट ऐकायला लागले.

बँड मात्र कुठलाही चालत नसे. राजगुरुनगरचा न्यू गुलशन ब्रास बँड, एवढा एकच. लाल कोट, सोनेरी गोंडे, पुढं हमीदभाई क्लॅरिनेटवर. चाकणपासून चिंचवडपर्यंत गुलशनची सुपारी कुठं लागली हे नवऱ्या मुलाच्या बापाआधी घुगेंना कळायचं.

ही आणीबाणीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी आणि घुगे एकाच कंपनीत होतो. मी टूलरूममध्ये, ते इन्स्पेक्शनला. आमच्या शॉपमधून निघालेला प्रत्येक जॉब त्यांच्या टेबलावर जायचा, आणि तिथून निम्मे परत यायचे. बीडकडचा माणूस, सडपातळ, वरच्या खिशात कायम स्टीलची पट्टी. बोलणं तुटक. पण गुलशनचा विषय निघाला की कंपनीची सगळी भाषा बँडला लागू व्हायची. "कालचा ट्रंपेट रिजेक्ट. ढोल पास. हमीदभाई मात्र... नुसतं मोजून घ्यावं, बगा. आर्ध्या सुताचा फरक न्हाई!"

चाळीत ते राहायला आले तेव्हा माझ्या बायकोनं रीतीप्रमाणं विचारलं, "भाऊजी, कोण कोण असतं तुमच्याकडं?"

"दोन क्लॅरिनेट, चार ट्रंपेट, एक युफोनियम, ढोल, साइड ड्रम आणि झांजा," घुगे एका दमात म्हणाले. "खुळखुळेवाला मधूनच असतो."

बायकोनं पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी चैत्रात चिखलीच्या जत्रेत दोन दिवस गुलशन वाजणार होता. शनिवारी दुपारी पालखीपुढं, रविवारी सकाळी देवळासमोर हजेरी. आणि हजेरीला समोर दक्षिणेकडचा एक मोठा नावाजलेला बँड. म्हणजे सामनाच! अडचण एवढीच, की आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. घुगेंनी महिनाभर आधीपासून लोकांच्या नकोशा शिफ्टा स्वतःकडं घेऊन शनिवार-रविवार मोकळे करून घेतले. वर माझ्याही रजेचा अर्ज स्वतःच लिहून सहीला आणला.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

"म्हणून तर चला. शिकलेल्या माणसाला ऐकवण्यात काय मजा?"

शनिवारी भर उन्हात सायकली हाणत आम्ही चिखलीला पोहोचलो. वेशीपाशी गर्दी, गुलाल, भेळवाले, बांगड्यांच्या पाट्या. आणि त्या कल्लोळात कुठूनतरी एक बारीक, लांबलचक सूर वर निघाला. घुगेंनी सायकल माझ्या अंगावर टाकली आणि पळाले. बेचाळीस वर्षांचा, शॉपमध्ये कधी घाईनं न चालणारा माणूस, लग्नात पंगत बसल्यावर पोरं पळतात तसा पळाला!

दोन सायकली भिंतीला लावून मी पोहोचलो तेव्हा हमीदभाईंनी एक साधी भजनाची चाल धरली होती. मला वाटलं, पाच मिनिटांत संपेल. कसली संपते! ती चाल त्यांनी आधी सरळ म्हटली, मग मुरडली, मग ट्रंपेटवाल्यांकडं फेकली. त्यांनी तिची लावणी केली. लावणीची कधी परेड झाली कळलं नाही. म्हातारीकोतारी पाय आपटत चालायला लागली. मध्येच सगळे गप्प आणि एकटा साइड ड्रम, नुसता तडतडाट, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आणि आता हे लोक वाट चुकले असं वाटतंय तोच हमीदभाईंनी मूळ भजन असं अलगद उचललं, की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बेचाळीस मिनिटं!" उलटं चालता चालता घुगे ओरडले. "पालखी वेशीतून शंभर पावलंसुद्धा हलली न्हाई, बगा!"

मी जोरात टाळ्या वाजवायला लागलो. त्यांनी माझे हात धरले.

"वाजवू नका. टाळ्या वाजवणारा माणूस ऐकत नसतो."

त्यांनी स्वतः आयुष्यात कधी टाळी वाजवली नव्हती म्हणे.

परत येताना मात्र ते सायकल रेंगाळत चालवत होते. मोशीच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "तिसऱ्या फेरीत श्वास तोडला त्यांनी. दोनदा. कधी तोडत न्हाईत."

मला काही जाणवलं नव्हतं. हजारभर माणसांत कुणालाच जाणवलं नसावं.

रविवारी सकाळी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक झाडांवर, बैलगाड्यांवर, शाळेच्या कौलांवर. समोरचा बँड आधी वाजला. पांढरे शुभ्र कोट, चकचकीत वाद्यं, हातगाडीवर लाउडस्पीकर. काय वाजवलं त्यांनी! ट्रंपेटवाला गुडघ्यावर बसला, पाठीवर झोपला, आडवं पडून वाजवत राहिला. गाव वेडं झालं. टोप्या उडाल्या.

"पॉलिश झकास आहे," घुगे म्हणाले. "आत काय ते बगू."

मग गुलशन उभा राहिला. लाउडस्पीकर नाही, काही नाही. हमीदभाईंनी टोपी सारखी केली आणि खालच्या सुरांतून सुरुवात केली. गर्दी हळूहळू गप्प झाली. दहा मिनिटं, पंधरा, वीस. चाल चढत गेली, ढोल तापला, माणसं डोलायला लागली. माझा हात मी घट्ट मुठीत धरून ठेवला होता. आता हमीदभाई तो वरचा सूर घेणार, घेणार... आणि क्लॅरिनेट खाली आला.

ते वाकून खोकत होते. थांबेचना. ट्रंपेटवाले एकमेकांकडं बघायला लागले. एक बंद पडला, दुसरा बंद पडला. नुसता साइड ड्रम चाचरत चालू राहिला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या पांढऱ्या कोटातला कुणीतरी हसला.

माझ्या शेजारी एक टाळी वाजली.

मी वळून पाहिलं. घुगे! तोंड पांढरं पडलेलं, नजर हमीदभाईंवर, आणि दोन्ही हात सरळ पुढं धरून ते ठेका देत होते. एक, दोन, तीन, सोडून चार. शॉपमधल्या प्रेससारखी अचूक टाळी. ड्रमवाल्यानं तिच्याकडं कान दिला आणि तो सावरला. मी धरली. आमच्या मागच्यांनी धरली. झाडावरची माणसं एका हातानं फांदी धरून मांडीवर थापा द्यायला लागली. बघता बघता अख्खं चिखली एका ठेक्यात वाजत होतं आणि ढोलवाला त्यावर असा तुटून पडला, की देवळाची घंटा आपोआप हलायला लागली असं मी आजही शपथेवर सांगेन!

हमीदभाई सरळ झाले. तोंड पुसलं. घुगेंकडं एकदा पाहिलं आणि क्लॅरिनेट उचलला. वरचा सूर घेतला नाहीच. खालूनच, अगदी हळू, कुणाच्या कानात सांगावं तशी चाल म्हटली. सगळं गाव टाळी देत होतं आणि तरी तो सूर ऐकू येत होता. चाल संपली. मग जो गलका उठला! मानाचा फेटा आणि नारळ गुलशनला. तो झोपून वाजवणारा ट्रंपेटवाला स्वतः येऊन हमीदभाईंच्या पाया पडला.

गर्दी कुस्त्यांच्या आखाड्याकडं वळली. आम्ही चिंचेच्या सावलीत उसाचा रस पीत होतो, तेवढ्यात हमीदभाई फेटा काखेत धरून समोर आले. घुगे ताडकन उठून उभे राहिले. ग्लास सांडला.

"तुमचं नाव काय हो?" हमीदभाईंनी विचारलं.

मी चाटच पडलो. अकरा वर्षं हा माणूस त्यांच्यापुढं दोन हात अंतरावर उलटा चालत होता आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते!

"घुगे. रंगनाथ."

"घुगेसाहेब, डॉक्टरनं छातीचा फोटो काढलाय. फुंकायचं बंद करा म्हणाला. आजचं शेवटचं. पोरांनाबी अजून सांगितलं न्हाई." त्यांनी काखेतला फेटा सावरला. "तुमाला सांगावं वाटलं. मी आपला तुमच्याकडं बघूनच वाजवायचो. तुमचं तोंड वाकडं झालं की समजायचं, सूर हलला."

गुलशनवर तासभर बोलणाऱ्या घुगेंनी वरच्या खिशातली पट्टी काढली, परत ठेवली. शेवटी म्हणाले, "दुसऱ्या फेरीत... जरा उतरला होता. आर्धा सूत."

मला तिथं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. हमीदभाई मात्र खोकला येईपर्यंत हसले.

"बराबर! उतरला होता!" त्यांनी घुगेंच्या खांद्यावर हात ठेवला. "ईदला घरी या. मशिदीच्या मागची गल्ली, कुणालाबी विचारा. वाजवायचं न्हाई आता, पण बसू, बोलू."

त्या वर्षी ईद दिवाळीला लागूनच आली. आदल्या दिवशी संध्याकाळी घुगे आमच्या दारात उभे. नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. मला वाटलं माझ्याकडं काम आहे. पण ते बायकोशी बोलायला आले होते.

"वहिनी, ईदला जाताना काय न्यावं?"

"खजूर न्या. मिठाई न्या. लहान मुलं असतील तर त्यांना खाऊ."

त्यांनी मान डोलावली. हललेच नाहीत. मग खाली बघत म्हणाले, "म्हंजे कसं, तिथं गेलं, जेवण झालं. मग लगेच निघायचं असतं, का थोडं बसायचं असतं? मला कुणी बोलावलं न्हाई कधी. ठाव न्हाई."

माझी बायको कुणाला उत्तर द्यायला थांबणारी नव्हे. पण ती आत गेली, उगाच पदरानं हात पुसत राहिली आणि मग बाहेर आली.

"बसायचं असतं, भाऊजी. ते उठा म्हणेपर्यंत बसायचं."

"आन् न्हाई म्हणले तर?"

"तर बसायचंच."

ईदच्या सकाळी सातच्या एसटीनं घुगे राजगुरुनगरला गेले, हातात खजुराचं पुडकं. परत आले ते दुसऱ्या दिवशी, थेट दुपारच्या सेकंड शिफ्टला.