सेंट्रिस्टच्या दारातला टेंपो

लोकशाही टिकते ती दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसावर. जगदीशला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या गावात अशा माणसाला 'तळ्यात-मळ्यात' म्हणत. पण कर्जतच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेल्या त्याच्या लेकीनं, संध्यानं, याला इंग्रजीत 'सेंट्रिस्ट' म्हणतात असं सांगितलं आणि जगदीशची मान ताठ झाली.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दत्ताशेट मत मागायला आले. जगदीशनं त्यांना चहा दिला आणि तो शब्द ऐकवला. दुसऱ्या पॅनलच्या गजाभाऊंनाही तोच चहा, तोच शब्द.

"म्हंजे आमच्याकडं नाय?" गजाभाऊंनी विचारलं.

"तसं नाय. त्यांच्याकडं पन नाय."

गजाभाऊंनी कप अर्धाच ठेवला.

निवडून दोघंही आले. गावच्या रीतीप्रमाणे रस्त्याचं काँक्रीट आपल्या पॅनलच्या शेवटच्या माणसाच्या दारापर्यंतच जातं. दत्ताशेटांचं देवळाकडून निघालं, गजाभाऊंचं तळ्याकडून, आणि दोन्ही जगदीशच्या घराअलीकडे थांबली. दोन्हीकडचा रस्ता उंच झाल्यामुळे अख्ख्या आळीचं सांडपाणी मधे, त्याच्या दारात साठू लागलं.

"सेंट्रिस्ट लोकांना चिखल सरकारकडनं मिलतो का ओ?" त्याच्या बायकोनं, विनितानं, विचारलं. संध्याची हळद आठवड्यावर आली होती. मांडवाचं सामान दारापर्यंत यायचं कसं, एवढाच तिचा प्रश्न होता.

जगदीश दत्ताशेटांकडे गेला. ते म्हणाले, तुमचं घर आम्ही गजाच्यात धरलंय. गजाभाऊ म्हणाले, दत्ताच्यात.

हळदीच्या सकाळी शिळफाट्याहून सामान घेऊन आलेला टेंपो नेमका दारातच रुतला. आमंत्रण दोघांनाही होतं; दोघंही माणसं घेऊन धावले. दत्ताशेटांच्या माणसांनी मागं दोर बांधला, गजाभाऊंच्यांनी पुढं. टेंपो आपल्याच काँक्रीटवर चढला पाहिजे, याबाबत दोन्ही पॅनलांचं प्रथमच एकमत होतं. टेंपो मागं गेला नाही, पुढं गेला नाही. खाली मात्र जात राहिला.

"बाबा, कुणाला तरी एकाला दोर सोडायला सांगा," संध्या म्हणाली.

दोर ताणून धरूनच सगळे जगदीशकडे बघू लागले. त्यानं पुढचा दोर नीट पाहिला. मग मागचा पाहिला.

"वढतात तर दोगं बी बरोबर," तो म्हणाला.

दुपारी दोन्ही पॅनल जेवायला गेली. सामान हातानं उतरवून मांडव टेंपोवरूनच घातला. मधल्या खांबाची गरज पडली नाही.