गोडे तगीरी, राकेल बेडा

घण्ण! दुपारच्या निजलेल्या घरात आवाज घुमला. परसात धावले, तर आमची चार वर्षांची लीला पालथ्या घमेल्यावर चढून तेलाच्या रिकाम्या टाकीत खडे टाकत होती. निम्मी बाहेर, निम्मी आत. तिला कमरेला धरून ओढली आणि तिथंच ठरवलं, ही टाकी आज जायलाच हवी.

सासऱ्यांच्या दुकानाच्या या दोन लोखंडी टाक्या. राकेलची अजून वापरात. गोडेतेलाची मात्र झाकण हरवून नुसती आ वासून उभी. ‘हे’ कलघटगीला जाताना “आल्यावर बघू” म्हणाले होते. हे ‘आल्यावर बघू’ आमच्या लग्नाच्याही आधीचं आहे.

मी साताऱ्याची, सासर कन्नड मुलखात; पण कन्नड असं शिकले की भाजीवाली मला इथलीच समजते. निदान माझी तशी समजूत. तेव्हा पाडकाम करणाऱ्या सिद्रामला मीच बोलावून घेतलं. तो गडी आणि पहारी घेऊन आला.

“याव्दु तगीली, अक्का?” कुठलं काढू, एवढंच त्यानं विचारलं.

“गोडे तगीरी. राकेल बेडा,” मी ऐटीत सांगितलं. गोडेतेलाची काढा, राकेलची नको.

“गोडे?” तो जरा चरकलाच.

“हौदु, गोडे.” हो, गोडेच.

शेजारच्या वेणूबाईंना विचारलंय का, असंही त्यानं विचारलं. टाकी माझी, त्यांना काय विचारायचं? मी हात झटकला, लीलाला ओसरीवर बसवलं आणि गड्यांसाठी चहाचं दूध चुलीवर ठेवलं.

दूध वर यायच्या आत परसात आभाळ कोसळल्यासारखं झालं. बाहेर येऊन बघते, तर टाकी जागच्या जागी आणि आमच्या नि वेणूबाईंच्या परसामधली भिंत भुईसपाट! ओसरीवर लीला नव्हती.

टाकीत डोकं घालून हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. विटांकडे बघवेना. सिद्राम आणि त्याचे गडी हातांनी विटा उपसू लागले.

“अगं, इकडं आहे ती,” धुरळ्यापलीकडून वेणूबाई म्हणाल्या.

पुढच्या दारानं केव्हाच सटकून ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर शेंगदाण्याची उंडी, म्हणजे लाडू, खात बसली होती. विटा तुडवत गेले आणि तिला अशी कवटाळली की उंडी माझ्या केसांत चुरली.

“अक्का, तुम्हीच गोडे म्हणालात,” सिद्राम पागोट्याशी चाळा करत पुटपुटला.

कन्नडात गोडे म्हणजे भिंत. गल्लीत सगळे भिंतीला ग्वाडी म्हणतात, म्हणून मला कधी उमगलंच नाही. आणि माझं कन्नड पुस्तकी, म्हणून त्या बिचाऱ्यानं ते भिंतच समजून घेतलं. वेणूबाई हसून हसून खालीच बसल्या. यापुढं सिद्रामला बोटानं दाखवत जा, एवढीच शिक्षा त्यांनी मला दिली. भिंत तो पुन्हा घालून देणार होता, आणि गड्यांनी टाकी आडवी केलीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला.

कडेवरची लीला पडलेल्या भिंतीवरून, या बाजूनं कधी न पाहिलेल्या आमच्याच उघड्या स्वयंपाकघराकडे टक लावून बघत होती. मोरीत सकाळच्या भांड्यांचा डोंगर, चुलीवर उतू गेलेलं दूध.

“आई,” तिनं वेणूबाईंना ऐकू जाईल असं विचारलं, “त्या घरातल्या बाई भांडी कधी घासतात?”