बोटीआधीचा माफीचा दौरा

बोटीत बसणाऱ्या माणसाला आधी जमिनीवरून कसं फिरवून आणावं, हे सगळ्या शिरूर तालुक्यात एकालाच ठाऊक आहे, आणि तो म्हणजे मी, मांडवगण फराट्याचा हौसराव! असं मी चैत्रापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता ज्येष्ठ लागलाय. हल्ली मी काहीच सांगत नाही. पण तुमच्यापैकी कुणी अशा दौऱ्यावर निघणार असेल, तर पुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते आधी कळलेलं बरं, म्हणून हा खटाटोप.

माझा अधिकार काय, असं विचाराल. तर मी एकदा मुंबईहून रत्नागिरीला बोटीनं गेलो होतो. त्यातला अर्धा प्रवास मी कठड्यावर ओणवा होतो, पण ते गावात कुणाला सांगितलेलं नाही. शिवाय एका यात्रा कंपनीबरोबर काशी केली होती. त्या कंपनीचा एक मार्गदर्शक होता. गळ्यात शिट्टी, खिशात वेळापत्रक, आणि देव असो की घाट, दहा मिनिटं! अकराव्या मिनिटाला शिट्टी! तेव्हापासून मला वाटायचं, हा गुण आपल्यातही आहे, फक्त वाव मिळत नाही.

तो वाव दिला आमच्या इलाहीमामांनी. त्यांची वांग्याची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये नुसता एक पाट. मामांची पासष्टी उलटलेली, छातीत कायमचा कफ. तीन वर्षं अर्ज केल्यावर यंदा, बासष्ट सालात, हजच्या बोटीसाठी त्यांचं आणि सुलतानबीमामींचं नाव लागलं. गुरुवारी संध्याकाळी पाचला दौंडहून मुंबईची गाडी, मग मुसाफिरखान्यात मुक्काम आणि शनिवारी बोट! मामींनी पत्र्याच्या पेटीत सगळ्यात वर दोघांची कफनाची कापडं घडी करून ठेवली. तिकडच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवून आणायची असतात. मी ती पाहिली आणि उगाचच पेटीचं कुलूप तपासलं.

हजला निघणारा माणूस आधी दारोदार जाऊन माफी मागतो. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा," असं तो म्हणतो. समोरचा "माफ केलं" म्हणतो, आणि गळाभेट होते. त्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. मामांचं गाव झालं होतं. बाहेरगावची दोनच माणसं उरली होती. एक वडगाव रासाईचे पोपटराव आणि दुसरी वरवंडला दिलेली सख्खी बहीण, खुर्शिदआपा.

खरी अडचण आपांची होती. एकोणीस वर्षांमागे मामांची आई गेली, तेव्हा मामांनी वरवंडला निरोपच धाडला नाही. रडण्यात राहून गेलं. आपांनी तिसऱ्या दिवशी बाजारात ऐकलं. धावत आल्या, तर आईला माती देऊन झाली होती. त्या आल्या पावली परत गेल्या. त्यानंतर त्या मांडवगणात आल्या नाहीत, आणि मामांना वरवंडला जायचा धीर झाला नाही.

"हौसराव, बाकी कुनी न्हाई म्हनलं तर चालंल," मामा म्हणाले. "पर खुर्शीनं माफ केल्याबिगर माझा हज कसला?"

"मामा, समदं माझ्यावर सोडा!"

आणि मी वेळापत्रक केलं. सहाला मांडवगण सोडणे. सातला वडगाव रासाई, दहा मिनिटं. नऊला वरवंड, रडारडीसह अर्धा तास. बाराला दौंड. जेवण, विश्रांती, गाडी! मामींचा भाचा सिद्दीक भाजीचा ट्रक चालवायचा. तो ट्रक धुऊन घेतला. शिट्टी आमच्या शाळेतून आणली.

"वरवंडला निरोप धाडते," मामी म्हणाल्या. "उद्या बाजाराला मानसं चालल्यात."

"अजिबात न्हाई, मामी! निरोप गेला की आपा कडी लावून बसतील. अचानक गाठायचं!"

सिद्दीक म्हणाला, "हौसमामा, वडगावला तुम्ही आदल्या दिशी सायकलीवरनं जाऊन या की. गुरुवारी सरळ रस्त्यानं वरवंड गाठू."

"आरं, सरळ रस्त्यानं कुनीबी जातं. मग मार्गदर्शक कशाला?"

मामांना मी आणखी एक सल्ला दिला. "मामा, 'काही चुकलं आसंल तर' आसं मोघम म्हनायचं न्हाई. काय चुकलं ते नाव घिऊन सांगायचं. समोरच्याला बी कळाया नको, आपुन कशाची माफी देतोय?"

मामा भोळा माणूस. मान डोलावली.

गुरुवारी सातला आम्ही वडगावात! पोपटराव गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते. मामांनी त्यांचा हात हातात घेतला.

"पोपटराव, सव्वीस वर्सांमागं शर्यतीच्या आदल्या दिशी तुमच्या सर्जाला पाटीभर भिजवलेला हरभरा मी चारला. माफ करा."

सर्जा म्हणजे त्यांचा तेव्हाचा शर्यतीचा बैल. ऐन शर्यतीत पोट फुगून निम्म्या वाटेत बसला होता. पोपटरावांच्या हातातला कडबा खाली पडला.

"तुमी? आन् का म्हनून?"

"मला वाटलं ताकद यील."

"आन् मी त्या दगडोबाच्या अंगावर घातलं की वो! त्यो शपता घेत हुता, मी न्हाई चारलं, मी न्हाई चारलं. सव्वीस वर्सं मी मेव्हन्याचं त्वांड बघितलं न्हाई! सख्खी भैन दिल्याली त्या घरात!"

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली होती. शिट्टी वाजवली. बैलांनी माना वर केल्या, बाकी कुणी नाही.

"माफ करतो," पोपटराव म्हणाले, "पर आदी दगडोबाकडं चला. त्याच्या म्होरं हेच बोला." आणि ते ट्रकच्या मागच्या बाजूला चढून बसलेसुद्धा!

दगडोबाचा मळा नदीपलीकडे. चैत्रातली भीमा, गुडघाभर पाणी, ट्रक पाण्यातल्या उतारातून पार झाला. पण दगडोबा मळ्यात नव्हते, वस्तीवर नव्हते, ते सापडले तासाभराने विहिरीवर. मामांनी हरभऱ्याची हकीकत पुन्हा सांगितली. दगडोबांनी मोटेचे बैल थांबवले. मग "सव्वीस वर्सं," एवढंच म्हणाले आणि मोटेच्या धावेवर बसून लहान पोरासारखे रडायला लागले. पोपटराव रडले. पोपटरावांची बहीण अनसाबाई घरातून पळत आल्या, त्या भावाच्या गळ्यात पडल्या. मामीही रडल्या. वेळापत्रकात रडारडी होती, पण ती वरवंडच्या खात्यावर!

"चला, चला, निघा!" मी ओरडलो.

"निघा कुठं?" अनसाबाई कडाडल्या. "सव्वीस वर्सांनी माझा भाऊ दारात आलाय. पुरन घातल्याबिगर कुनी हलायचं न्हाई!"

पुरण शिजायला किती वेळ लागतो, हे कुठल्याही यात्रा कंपनीला ठाऊक नसतं. मी दर पाच मिनिटांनी चुलीपाशी जाऊन डाळ दाबून पाहत होतो. शेवटी अनसाबाईंनी मला उलथणं दाखवलं. जेवून उठलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दोन्ही मेव्हणे आता बोटीपर्यंत सोडायच्या तयारीनं ट्रकमध्ये, पेटीवर बसून, सव्वीस वर्षांचं एकदम बोलत होते.

वरवंडला पोचलो तेव्हा दीड झाला होता. आपांच्या दारात त्यांची सून हुसेनबी धान्य पाखडत होती. मामा ट्रकमधून उतरले. टोपी सारखी केली.

"खुर्शी कुठं हाय?"

हुसेनबीनं सूप खाली ठेवलं. "मामू? आवो, अम्मा तर पहाटंच मांडवगनाला गेल्या की! ह्यांनी गाडी जुपली आन् घिऊन गेलं."

"मांडवगनाला? कशाला?"

"तुमची बोट हाय म्हनून बाजारात कळलं. दोन दिस वाट बघितली, निरोप यील म्हनून. मग म्हनल्या, त्याला काय धीर व्हायचा न्हाई, मीच जाते. गुळाच्या पोळ्या बांधून नेल्यात तुमच्यासाठी."

मामा उंबऱ्यावर बसले.

"कंच्या रस्त्यानं गेल्या?" सिद्दीकनं विचारलं.

"सरळ रस्त्यानंच. दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं कोन जातं?"

सिद्दीकनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रकच्या टायरकडे पाहिलं.

"गाडी मागं फिरीव," मामा म्हणाले.

"मामा, येड्यावानी करू नका! उतारात ट्रक रुतला तर गाडी गेली, गाडी गेली म्हंजी बोट गेली! तीन वर्सांनी नाव लागलंय! त्यापरीस सिद्दीक जाऊन आपांना घिऊन यील, आपुन यष्टीनं दौंड गाठू. पाचाच्या आत भेट! माझी जबाबदारी!"

मामींनी एवढंच म्हटलं, "हौसराव, आता जबाबदारी नगा घिऊ." पण पेटी उतरवून घेऊन त्या आल्या.

सिद्दीक दोन्ही मेव्हण्यांना घेऊन गेला आणि ट्रक उतारातल्या वाळूत रुतला. त्या दिवसातलं माझं एवढं एकच भाकीत खरं ठरलं. ते सगळे बाहेर निघाले दुसऱ्या दिवशी, दगडोबांच्या बैलांनी ओढून.

तिकडे आपा दहालाच मांडवगणला पोचल्या होत्या. घराला कुलूप. आमच्या शेजारच्या झुंबरबाईंनी सांगितलं, "ती मंडळी दौंडाला गेली." झालं! आपांनी बैलांना पाणी दाखवलं आणि नदीकाठच्या वाटेनं तशाच दौंडकडे निघाल्या. हे मला नंतर कळलं. फलाटावर मला एवढंच दिसत होतं की चार वाजले, साडेचार वाजले आणि ट्रक येत नाही.

मी मामांचं मन रमवायला बोटीची माहिती देत होतो. "बोट लागती, तवा पान्याकडं बघायचं न्हाई, लांब बघायचं. हे लिंबू जवळ ठेवा. मळमळलं की हुंगायचं."

मामा लिंबू हातात धरून स्टेशनाबाहेरच्या रस्त्याकडे पाहत होते. धूळ उठली की उभे राहायचे. ती धूळ कधी टांग्याची असायची, कधी शेरडांची. मग पुन्हा बसायचे आणि खोकायचे.

गाडी वेळेवर आली. माझ्या आयुष्यात दौंडला गाडी वेळेवर आलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली! सामान चढवलं, मामींना चढवलं. मामा दांड्याला धरून पायरीवर उभे राहिले, आत जाईनात. गाडी हलली तेव्हा मीच त्यांना पाठीवर हात देऊन आत ढकललं. खिडकीतून ते मला हात करतील म्हणून मी उभा होतो. ते रस्त्याकडेच पाहत होते.

पाऊण तासानं बैलगाडी आली. आपांचा मुलगा पाशा हाकत होता. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. आपा उतरल्या. सगळ्या धुळीनं माखलेल्या, काखेत पोळ्यांचं फडकं.

"गेली?"

"गेली."

त्या बाकावर बसल्या. फडकं मांडीवर ठेवलं. मला वाटलं रडतील, पण त्या रडल्या नाहीत. मला तेच सोसवेना.

"मी तर त्याला कवाच माफ केलं हुतं," त्या म्हणाल्या. "मला नुसतं त्यानं येऊन बोलायला पायजे हुतं. वाट बघत बसले, आन् एकोनीस वर्सं गेली. तार करता यील का?"

मी तारघराकडे पळालो. "बहीण आली होती. माफ आहे." एवढीच तार मुसाफिरखान्याच्या पत्त्यावर गेली.

दहा दिवसांनी मामांचं पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ते घेऊन मी वरवंडला गेलो आणि आपांना वाचून दाखवलं. "तार मिळाली. छाती हलकी झाली. बोट आठ दिवस लांबली आहे. रोज धक्क्यावर जाऊन बसतो. खुर्शी आली असती तर पोटभर बोलणं झालं असतं. हौसरावांस सांगणे, लिंबू वाळले."

आठ दिवस! आणि ज्या दिवशी पत्र माझ्या हातात पडलं, त्या दिवशी सकाळी बोट सुटून गेली होती.

आपांनी ते पत्र तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी डोळे पुसले. मला वाटलं, हीच वेळ. मी हात जोडले.

"आपा, माझं चुकलं. निरोप मी धाडू दिला न्हाई. मलाबी माफ करा."

आपांनी पत्राची घडी केली.

"भावाची तवा आई गेली हुती, हौसराव. त्याला सुचलं न्हाई. तुमचं काय जात हुतं?"

तेव्हापासून मी दर गुरुवारी वरवंडला जातो. आपा बसायला घोंगडी टाकतात, चहा देतात, बोटीची काही खबर आहे का विचारतात. माफीचं काढलं की म्हणतात, "आदी माझा भाऊ घरी येऊ द्या." मी चहा पितो आणि परत येतो. मामांचा खोकला मी पंचवीस वर्षं पाटापलीकडून ऐकलेला आहे, ती छाती परतीच्या बोटीपर्यंत टिकेल की नाही या धास्तीनं चहा काही गोड लागत नाही.