सासूबाईंच्या खुर्चीजवळचा पक्षी

दुर्बीणरावांनी गावातल्या पक्षिनिरीक्षकांच्या मंडळाच्या सभेत सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं की पक्षिपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एक पक्षी त्यांच्या नावावर असणार. कोणता पक्षी, एवढंच ठरायचं बाकी होतं.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गळ्यात मात्र कायम दुर्बीण. गिऱ्हाईक भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असायचं आणि हे खिडकीतून समोरच्या तारेवरचा खंड्या बघत असायचे. कुणी चुकून तिसऱ्या ओळीत 'म'ला 'भ' म्हणालं तरी हे म्हणायचे, "बरोबर, मादी आहे." त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं, आणि त्यांनीही ते मानाने लावून घेतलं.

हा नाद तरुणपणापासूनचा. सुरुवातीला कुणाकडून तरी मागून आणलेलं, पानं सुटलेलं एक पातळ पुस्तक होतं. मग जाड पुस्तकं आली, मग त्याहून जाड, आणि शेवटी कपाटातले बायकोचे कपडे खाटेखालच्या पेटीत गेले. दर थंडीत तळ्याकाठी शेपटी हलवत पहिला धोबी पक्षी आला, की दुर्बीणराव घरच्या लग्नाची बातमी द्यावी तशी गावभर सांगत फिरायचे. पण इतक्या वर्षांत मंडळाच्या पुस्तकात 'प्रथम नोंद' या शब्दांपुढे त्यांचं नाव काही आलं नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, यांचं मात्र दोनदा आलं होतं. दुर्बीणरावांनी एकदा तळ्यापलीकडे दुर्मीळ पांढरा करकोचा बघितला होता खरा. सगळं मंडळ चिखल तुडवत तिथे पोचलं, तेव्हा तो करकोचा बाभळीला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाला. बाईंनी ती पिशवी शांतपणे सोडवली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. ती घडी दुर्बीणरावांच्या काळजात कायमची राहिली होती.

आणि यंदा, पुस्तक छापायला जायच्या बेतात असताना, त्यांनी ती शीळ ऐकली.

सकाळी अंगणात दात घासत होते. बारीक, उंच, लांबच लांब शीळ, आणि शेवटाला किंचित थरथर. ब्रश तोंडात तसाच राहिला. असला आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. अंगणात दुसरं कुणी नव्हतं, फक्त सासूबाई वेताच्या खुर्चीत ऊन खात बसल्या होत्या.

सासूबाई थंडीपुरत्या म्हणून लेकीकडे आल्या होत्या. तेव्हापासून बऱ्याच थंड्या झाल्या. त्यांना ऐकू अगदी कमी यायचं, त्यामुळे दुर्बीणरावांचं त्यांच्याशी फार छान जमायचं. समोर बसून, चेहऱ्यावर गोड हसू ठेवून ते म्हणायचे, "आई, काही पाहुणे पक्षी ऊन तापलं की परत जातात. काही मात्र इथेच घरटं करतात." सासूबाई मान डोलवायच्या. मग हे आणखी पुढे जायचे. त्या पेपर आधी घेऊन बसल्या की कावळ्यावर बोलायचे, झोपेत घोरल्या की बेडकांवर. सासूबाईंची मान डोलतच असायची. इतका समजूतदार श्रोता त्यांना मंडळातसुद्धा मिळाला नव्हता.

त्या दिवशी दुर्बीणरावांनी दुकान उशिरा उघडलं. कपाटातली सगळी पुस्तकं पालथी घातली, पण त्या शिळेशी जुळणारं काही सापडेना. दुपारी जेवायला घरी आले तर शीळ पुन्हा, या वेळी सासूबाईंच्या खोलीच्या बाजूने. हे धावत गेले. पलंगावर आडव्या झालेल्या सासूबाई दचकून उठून बसल्या आणि शीळ बंद. पक्षी खिडकीच्या बाहेरच असणार, आणि फारच लाजरा असणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

आठवडाभर त्यांनी पाळत ठेवली आणि एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सासूबाई जिथे बसतील तिथेच तो पक्षी यायचा. त्या मागच्या दारी गेल्या की मागच्या दारी, कुंपणापाशी बसल्या की कुंपणापाशी. त्याला माणसांची भीती वाटत होती, पण सासूबाईंची वाटत नव्हती. दुर्बीणरावांनी याचं कारणही शोधून काढलं. त्या हलत नाहीत, बोलत नाहीत, झाडासारख्या बसून असतात.

मग त्यांनी सासूबाईंना नीट कामाला लावलं. सकाळी उठून स्वतः खुर्ची उचलायची, आज आंब्याखाली, उद्या विहिरीपाशी. हाताला धरून त्यांना बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा, गार वारं लागू नये म्हणून डोक्यावरून कानांवर घट्ट शाल गुंडाळायची. आणि गंमत म्हणजे शाल जितकी घट्ट, तितकी शीळ खणखणीत. पक्ष्याला शालीचा रंग आवडतो, असा त्यांचा कयास होता.

घरात याचा वेगळाच परिणाम झाला. बायको पोस्टात कामाला. ती सकाळी निघताना बघायची, तर नवरा तिच्या आईला शाल गुंडाळतोय, हळूच विचारतोय की नीट बसलात ना. पहिले दोन दिवस तिला संशय आला. तिसऱ्या दिवशी डोळे भरून आले. चौथ्या दिवशी तिने खाटेखालच्या पेटीबद्दल लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माफ केल्याचं सांगितलं. शेजारणींनी आपापल्या नवऱ्यांना कुंपणापाशी आणून हे दृश्य दाखवलं. दुर्बीणरावांनी ती सगळी वाहवा निमूटपणे घेतली. खरं सांगितलं तर गर्दी होईल आणि पक्षी बिचकेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

अखेर त्यांनी अध्यक्षबाईंना कळवलं. बाईंना पिशवी आठवत होती. त्यांनी पुस्तकाची छपाई थांबवली खरी, पण अट घातली की पक्ष्यांचे आवाज अभ्यासणारी एक संशोधक मोठ्या शहरातून बोलवायची आणि तिने हो म्हटलं तरच नोंद करायची. दुर्बीणराव म्हणाले की एक सोडून चार बोलवा.

ठरलेल्या सकाळी सगळं मंडळ कुंपणाआड दाटीवाटीने बसलं. संशोधक तरुणीने कानांवर हेडफोन चढवले आणि परातीएवढा मायक्रोफोन हातात धरला. दुर्बीणरावांनी खुर्ची आंब्याखाली मांडली. फांदीवर रोजचाच एक कोतवाल बसला होता, काळाकुट्ट, शेपटीला दोन टोकं. त्याला त्यांनी हात हलवून हाकललं. तो दोन फांद्या वर जाऊन बसला. मग सासूबाईंना बसवलं, शाल गुंडाळली आणि पाय न वाजवता हेही कुंपणाआड आले.

शीळ आली. अशी सुरेख आली की मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदाने डोळे मिटले. दुर्बीणरावांनी बाईंकडे पाहिलं. बाई चक्क श्वास रोखून बसल्या होत्या.

संशोधकाने मायक्रोफोन झाडाच्या शेंड्याकडे धरला. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने तो मधल्या फांद्यांवर आणला, मग बुंध्यावर, मग आणखी खाली. कुंपणाआडून उठून ती हलक्या पावलांनी पुढे निघाली. सासूबाईंनी डावीकडे मान वळवली तसा मायक्रोफोन डावीकडे वळला. त्यांनी उजवीकडे बघितलं तसा तो उजवीकडे. बाईंनी दुर्बीणरावांच्या कानात विचारलं की पक्षी शालीच्या आत आहे का.

ती मुलगी खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली आणि मृदू आवाजात म्हणाली, "आजी, तुमच्या कानात मशीन आहे का? माझ्या आजोबांचंही असंच वाजायचं. वरून काही दाबलं गेलं की शीळ घालतं."

सासूबाईंनी सावकाश शाल काढली. कानामागे त्वचेच्याच रंगाचं एक एवढंसं यंत्र बसलेलं होतं.

दुर्बीणरावांच्या मनात पहिल्यांदा पक्षी आला नाही, पुस्तक आलं नाही, पिशवीसुद्धा आली नाही. त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "आई, हे कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "लेकीला म्हटलं, इतक्यात कुणाला सांगू नकोस. घरात काय काय बोलतात ते जरा ऐकू दे."

दुर्बीणरावांनी दाराकडे पाहिलं. आज बायकोने नवऱ्याचं कौतुक बघायला मुद्दाम रजा टाकली होती. ती पदराने तोंड झाकून उभी होती. थंडी सुरू झाल्यापासून आपण काय काय बोललो, हे ते आठवू लागले. कावळा झाला होता. बेडूक झाले होते. गेल्या आठवड्यात तर घुबड झालं होतं.

"पाहुण्या पक्ष्यांचं मला फार आवडलं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "काही इथेच घरटं करतात ते. म्हणून तर राहिले. आणि गेले काही दिवस तुम्ही ज्या मायेने शाल गुंडाळताय, मला वाटलं, पठ्ठ्याला उपरती झाली."

कुंपणाआडून आधी एक खोकला आला, मग दुसरा, आणि मग सगळं मंडळ हसत सुटलं. ज्येष्ठ सभासद तर गवतावर आडवेच झाले. बाईंनी फक्त पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली. दुर्बीणरावांना जमीन दुभंगली तर बरं होईल असं वाटत होतं, पण जमीन काही मनावर घेईना.

हसण्याचा गलका सासूबाईंना सोसवेना. त्यांनी यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. संशोधक सामान आवरू लागली. मंडळी चप्पल शोधू लागली.

आणि शीळ आली. तीच, बारीक, उंच, लांबच लांब. शेवटाला थरथर.

सगळ्यांनी डबीकडे बघितलं. डबी बंद होती. शीळ पुन्हा आली, डोक्यावरून.

फांदीवर कोतवाल होता. त्याने शेपटी झटकली, मान वाकडी करून खाली सासूबाईंकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा शीळ घातली. थरथरीसकट.

संशोधक तिथेच चक्क नाचली. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, मांजराचीही करतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कानातल्या यंत्राची नक्कल करणारा कोतवाल तिने कधी ऐकला नव्हता, आणि तो तिच्या अजून चालूच असलेल्या रेकॉर्डरवर स्वच्छ उतरला होता. इतके दिवस रोज सकाळी शिकवणी मिळाल्यावर तो तरी काय करणार. दुर्बीणरावांचा गेलेला प्राण परत आला. म्हणजे पक्षी होता. ऐकलं ते अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी लगबगीने बाईंना विचारलं की ही प्रथम नोंद धरता येईल ना. बाईंनी बराच विचार केला आणि धरता येईल म्हणाल्या. पक्षी जुना असला तरी गाणं नवं होतं.

पुस्तकासाठी लगेच छायाचित्र घ्यायचं ठरलं. वर कोतवाल, खाली सासूबाई. जमीन उंचसखल असल्यामुळे खुर्ची डुगडुगत होती, म्हणून दुर्बीणरावांनी ती मागून दोन्ही हातांनी घट्ट धरली. छाती पुढे काढली, दुर्बीण सरळ केली आणि हसले.

नवी आवृत्ती आली ती दुर्बीणरावांनी दुकानातच उघडली. गिऱ्हाइकाला तक्त्यासमोर तसंच बसवून ठेवून त्यांनी कोतवालाचं पान काढलं. छायाचित्र अर्धं पान भरून होतं. सासूबाई राणीसारख्या बसल्या होत्या, पक्षी ऐटीत होता. मागे मात्र आंब्याची एक पानांनी भरलेली फांदी नेमकी दुर्बीणरावांच्या चेहऱ्यावर आली होती. खाली बाईंच्या काटेकोर भाषेत छापलं होतं, की या गाण्याची प्रथम नोंद खुर्चीत बसलेल्या आजींमुळे झाली.

आणि पुढे, कंसात, बारीक टायपात: 'खुर्चीमागे नर, प्रौढ. ओळख पटली नाही.'