बाबलकाकाची काच

त्या वर्षी बाबलकाकाच्या खिशात काचा असायच्या. विड्याच्या पानाएवढ्या पाच-सहा रंगीत काचा, हातरुमालात गुंडाळलेल्या. समोर माणूस आला की रुमाल सुटायचा, एक काच त्या माणसाच्या गालाशेजारी धरली जायची आणि प्रश्न यायचा, "हो कसो दिसता?" माणूस कुठल्या कामात आहे, कुठल्या दुःखात आहे, हे बघायची काकाची पद्धत नव्हती. एका तेराव्याच्या पंगतीत त्याने शेजारच्यांना डाळिंबी आणि मोरपंखी यांतला एक रंग निवडायला लावला. मला संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. घरच्या यजमानानेही वाढता वाढता थांबून मोरपंखी निवडला.

काका आमचा शेजारी, मालवणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या वाडीतला. तीस वर्षं मालवाहू बोटींवर चीफ कुक होता. इंदूकाकी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेली होती आणि चतुर्थीच्या आधी परत येणार होती. ती यायच्या आत तिचं स्वयंपाकघर नवं करायचं काकाने मनावर घेतलं. ओटा झाला, सिंक झालं, ओट्यामागच्या जुन्या टाइल्स फोडून झाल्या. त्यांच्या जागी बसणार होती मागून रंग दिलेली काच. कुडाळचा दुकानदार तिला लॅकर ग्लास म्हणतो. त्याने काकाला एकच बजावलं होतं: एकदा मापाने कापून रंग चढला, की काच परत घेणार नाही. त्या वाक्याने काका हैराण झाला. रंग चुकला तर काकी उरलेलं आयुष्य त्या चुकलेल्या रंगासमोर डाळ फोडणीला टाकणार होती.

दुकानदाराच्या कार्डावर या नमुन्यांच्या रंगांना नंबर होते. काकाने ते झिडकारले. त्याच्याकडे एडन होता, मोंबासा होता, 'सुरमयेची पाठ' होती आणि एका हिरव्याला तर तो 'कोलंबोचो डॉक्टर' म्हणायचा, का ते त्याने कधी सांगितलं नाही. शिवाय परीक्षा. प्रत्येक काच शेगडीमागे उभी करून काका बांगडे तळायचा, काचेवर तेल आणि लाल मसाला उडू द्यायचा आणि सकाळच्या उजेडात नाकाला लावून तपासायचा. सगळ्या काचा पुन्हा पुसून पुन्हा बांगडे, आणि तळलेले बांगडे घरोघर. दोन आठवडे आमच्या वाडीत कुणाच्या घरी मासळी विकत आली नाही.

मी तेव्हा पत्रकं काढायचे. आजही काढते. किनाऱ्यावर चाललेल्या बेकायदा बांधकामाविरुद्ध आम्ही ग्रामसभा लावली होती. मी उभी राहून बोलत होते, सरपंच खिडकीबाहेर बघत होते. मागून काकाने हात वर केला. मला वाटलं, चला, एक म्हातारा तरी जागा झाला. काका उभा राहिला, दोन्ही हातांत एकेक काच धरली आणि सभेला म्हणाला, जमलेलेच आसास तर एक मत देवा. मत पडलं. आमच्या ठरावाला जेवढे हात वर झाले नाहीत, तेवढे त्यातल्या पिवळ्या काचेला झाले. नंतर माझं पत्रक घडी करून खिशात ठेवताना तो मला म्हणाला, "गो चेडवा, गुलाबी कागदार राग दिसना नाय." मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. पुढचं पत्रक मात्र पांढऱ्यावर काढलं.

तरी मला त्याच्यावर धड रागावता यायचं नाही, याचं कारण जुनं आहे. मी लहान असताना काका वर्षातून एकदा रजेवर यायचा. त्याची बॅग उघडली की परदेशी साबणाचा वास आमच्या घरापर्यंत यायचा आणि आम्ही पोरं कुणी न बोलावता त्यांच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, जाऊन बसायचो. काका बंदरांच्या गोष्टी सांगायचा. आत काकी चुलीपुढे असायची. तिच्या स्वयंपाकघराची भिंत खाली तांबड्या मातीने सारवलेली आणि वर धुराने काळी. त्या काळ्यावर फोडणीचा उजेड पडला की भिंत हलल्यासारखी वाटायची. काकी आम्हाला तिथूनच गरम घावन द्यायची, हात लांब करून, गोष्ट अडू नये म्हणून. तिला गोष्ट ऐकू यायची की नाही, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. त्या घावनांची चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. आता ओरोसला कामासाठी भाड्याने राहते, तिथल्या गॅसवर करून बघितले. नाहीच.

काका तेव्हाही एक वाक्य सारखं म्हणायचा: "दर्यार सगळा राखाडी." बोट राखाडी, गॅलीतलं स्वयंपाकघर राखाडी, तीस वर्षं राखाडी पत्र्यासमोर कांदे कापले. म्हणून आता घरात रंग पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

शेवटी मी तोंड उघडलं. काकी यायला पंधरा दिवस उरले होते आणि काका आमच्या गेटवर टपालवाल्याचं मत घेत होता. मी त्याला सरळ विचारलं, ज्या बाईचा जन्म त्या ओट्यापुढे गेला, तिला सोडून तू अख्ख्या तालुक्याला विचारलंस, याची तुला लाज कशी वाटत नाही? माझ्या आवाजाने टपालवाला सायकल घेऊन निघून गेला. काका मला त्याच्या घरात घेऊन गेला आणि त्याने काकीचं कपाट उघडलं.

साड्या होत्या. रंगांची नुसती जत्रा.

"ही सिंगापूरसून. ही दुबयसून. ही मुंबयेक उतरलंय तेव्हा," काका बोट ठेवत गेला. "सगळी मी हाडलेली. ती नेसली. कधी नको म्हणूक नाय." मग तो थांबला. "हेच्यात तिचो रंग खयचो, माका ठावक नाय."

"मगे तिकाच इचार."

"इचारलंय तर तिका कळतला."

"काय?"

"माका ठावक नाय, ता."

बायकांच्या न विचारलेल्या आवडीनिवडींवर मी एक आख्खं पत्रक लिहिलेलं आहे. पाठ आहे मला. त्यातलं एकही वाक्य त्या कपाटापुढे बोलण्यासारखं नव्हतं. मी काकीला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

बोटीवरून बोलायच्या सवयीने काका फोनवर ओरडतो. ओरडून त्याने गुडघा विचारला, गोळ्या विचारल्या, जावयाची बदली, पुण्याचा पाऊस, शेजारच्यांचं कुत्रं. मी कोपराने ढोसलं. मग आवाज एकदम खाली आला.

"इंदू, तुका रंग खयचो आवडता?"

काकाने फोन कानापासून काढून बघितला, लागलेला आहे की नाही.

"आसंय, फोन चालू आसा," काकी म्हणाली. "असा एकदम कसा सांगू? माका इचार करूक व्हयो."

"कर," काका म्हणाला. "घाई नाय."

काकी आली तेव्हा ओट्यामागे उघडं सिमेंट होतं. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलं, प्रत्येकजण आत डोकावून भिंतीचं विचारायचा आणि काका छाती काढून सांगायचा की तिचा विचार चालू आहे. रोज सकाळी चहाच्या आधी तो काकीसाठी खुर्ची ठेवायचा, ओट्यावर काचा ओळीने लावायचा, खिडकी उघडायचा आणि विचारायचा. काकी प्रत्येक काचेकडे नीट बघायची आणि बघूया म्हणायची. फोडणीचं तेल सिमेंटवर उडत होतं. दसरा गेला, दुकानदाराचे दोन फोन येऊन गेले.

मला अर्धवट कामं बघवत नाहीत. काका बाजारात गेलेला बघून एका दुपारी मी काकीला म्हटलं, बाकी काही ठरवायला लागत नाही एवढा वेळ, एक बोट ठेव आणि मोकळी हो. काकी खोबरं किसत होती. हात न थांबवता तिने दाराकडे एक नजर टाकली.

"ठरवलंय गो. पुण्याकच ठरवलंय, फोनाच्या दुसऱ्या दिसाक."

"मगे सांगणस कित्याक नाय?"

काकीने वाटीतलं खोबरं दाबून बसवलं.

"सांगलंय की मगे ते इचारूचे नाय."